माझी कापलेली कड

मित्रांनो, मी एक जुनी किताब आहे. तुम्ही मला पोथी म्हणा, हस्तलिखित म्हणा, वाटले तर बाड म्हणा. मी रागावणार नाही. रागवायला माझ्याजवळ दुसरी कारणे भरपूर आहेत. रत्नागिरीच्या राजिवड्यात, खातूनबीच्या घरातल्या सागवानी पेटीत माझा मुक्काम असतो. वय पावणेपाचशेच्या घरात. म्हातारपणी जीव निवतो असे लोक म्हणतात, पण माझे तसे काही झालेले नाही. पेटीचे झाकण करकरले की माझी पाने आतल्या आत चाळवतात. कोण आले? कशाला आले? हातात सुरी तर नाही ना? ही धास्ती मला जन्मापासूनची नाही. ती कधी लागली आणि का लागली, तेच तुम्हाला सांगायला बसले आहे.

माझा जन्म दाभोळचा. तेव्हा दाभोळच्या खाडीत दर्यापारची तारवे दाटीवाटीने नांगरलेली असत. माझा कागद मात्र घाटावरचा. दौलताबादेजवळच्या कारागिरांनी जुन्या दोरखंडांचा आणि चिंध्यांचा लगदा करून तो बनवला, खळ लावून गारगोटीने घोटला, आणि बैलांच्या पाठीवरून तो कोकणात उतरला. याकूब नावाच्या कातिबाने, म्हणजे लिहिणे हाच ज्याचा धंदा अशा माणसाने, काजळ आणि बाभळीचा डिंक खलून शाई केली, बोरू तासला आणि अकरा महिने मांडी न मोडता मला लिहिले. माझी भाषा अरबी आणि विषय दर्याचा. कोणत्या महिन्यात कोणता वारा, कोणता तारा कोणत्या बंदरावर किती बोटे वर दिसतो, कुठे खडक, कुठे गोडे पाणी, हे सगळे माझ्या पोटात आहे.

याकूबने दोन गोष्टी आपल्या मनाने केल्या. पहिल्या पानाच्या डोक्यावर त्याने 'या कबीकज' असे लिहिले. कबीकज म्हणजे किड्यांचा राजा. राजाचे नाव घातले की त्याची प्रजा किताबेला तोंड लावत नाही, अशी त्या काळच्या लिहिणाऱ्यांची समजूत होती. कोकणातल्या किड्यांना अरबी येत नव्हते. त्यांनी पुढे मला खायला सुरुवात केली ती नेमकी त्याच पानापासून. दुसरी गोष्ट मात्र कामाला आली. मजकुराभोवती त्याने चार चार बोटे कड कोरी सोडली. एवढा कागद वाया घालवल्याबद्दल मला लिहवून घेणाऱ्या मालकाने कुरकुर केली. याकूब म्हणाला, "दर्या रोज बदलतो. माझ्यामागून जो जाईल त्याला लिहायला जागा नको?"

आणि लोकांनी लिहिले! शिडाच्या जहाजाचा जो कप्तान, त्याला आमच्याकडे नाखवा म्हणतात. बापाकडून लेकाकडे, मामाकडून भाच्याकडे, अशी मी नाखव्यांच्या हातांतून फिरत राहिले. त्यांनी माझ्या कडेवर अरबी अक्षरांत पण आपल्या कोकणी बोलीत लिहिले. कोणी लेक झाल्याचा दिवस घातला, कोणी तुफानात गेलेल्या खलाशांची नावे. एका बंदराबद्दल मूळ ग्रंथात म्हटले आहे, 'येथे पाणी खोल आहे, निर्धास्त जावे.' त्याच्या बाजूला एका नाखव्याने खरडले, 'खोटं. मी दोनदा आपटलो.' त्याच्या खाली पन्नास वर्षांनी दुसऱ्याने लिहिले, 'मी पण.' माझा मान मोठा होता. जहाज हाकारण्याआधी मला रेशमी फडक्यातून काढून कपाळाला लावत. त्या कौतुकाची सवय झाली आणि मला वाटले, हे असेच चालणार.

मग आगबोटी आल्या. आगबोटीला वाऱ्याची पुसतपास करावी लागत नाही, मग मला कोण पुसतो? रेशमी फडके विटले, मग ते कोणीतरी काढून नेले. कसर लागली, पावसाळ्यात दमट हवेने पाने एकमेकांना चिकटू लागली. पेटीच्या तळाशी मी होते आणि माझ्यावर जाजमे, तुटकी समई, लग्नातले पितळी तबक. नुसते पडून राहणे काय असते, ते दर्यावर फिरलेल्यालाच विचारा.

खातूनबीचा नवरा दाऊद हा मला उघडणारा शेवटचा नाखवा. गलबताचे दिवस सरले म्हणून तो आगबोटीवर सारंग झाला, म्हणजे खलाशांचा मुकादम. विलायतेतली मोठी लढाई चालू होती. तो निघायच्या आदल्या दिवशी टोपातले माशांचे कालवण करपले आणि दाऊद बायकोवर नको तेवढा ओरडला. तोंडाने माफी मागणाऱ्यांतला तो नव्हता. त्याच्या सात पिढ्यांत ती कोणी मागितली नव्हती. मला ठाऊक आहे, त्या साऱ्या माझ्या ओळखीच्या. पण सकाळी निघताना त्याने मला बाहेर काढले आणि अरबस्तानातल्या सोहार बंदराच्या पानावर, अगदी बाहेरच्या कडेला, एक उभी ओळ लिहिली. 'खातून, काल तुझ्यावर ओरडलो. चूक माझी होती. आल्यावर तोंडाने सांगेन.' मला मिटून पेटीत ठेवले आणि बायकोला चकार शब्द न सांगता तो बोटीवर गेला. सहा महिन्यांनी बोट बुडाल्याची तार आली.

खातूनबीला ती ओळ सापडली ती आणखी वर्षभराने, मला उन्हात घालताना. कुराण वाचायला शिकल्यामुळे तिला अक्षरे लागत होती. ती अंगणात बसली आणि तीच ओळ बोट ठेवून ठेवून वाचत राहिली. "आता सांगतोस होय?" एवढेच म्हणाली. तेव्हापासून दर वर्षी पाऊस सरून हवा कोरडी झाली, की ती मला बाहेर काढी, ऊन दाखवी, सोहारचे पान उघडी आणि वाचून झाले की मिटून ठेवी. बाकीच्या पानांशी तिचे काही काम नव्हते. मला त्याचे वाईट वाटत नसे. पेटीच्या तळाची मी आता पेटीच्या वरच्या खणात आले होते, हे काय थोडे झाले?

एकोणीसशे एकोणतीस साली माझी पाठ मोडली. पाने सुटी होऊ लागली. तेव्हा खातूनबी मला ओढणीत गुंडाळून बाजारपेठेच्या टोकाला गंगाराम बाइंडरकडे घेऊन गेली. गंगाराम इथल्याच मांडवीचा. मुंबईला गिरगावातल्या एका छापखान्यात तो पुस्तकबांधणी शिकला आणि बापाला लकवा झाला म्हणून परत आला. कचेरीच्या जाडजूड वह्या बांधणे हे त्याचे काम. माणूस कामाला पक्का आणि बोलायला गोड.

"गंगाराम, ही बांदून दे रे," खातूनबी म्हणाली. "पाठ मोडलेय तिची, माज्यासारकी."

"देतो की चाची. नवीसारकी करून देतो."

"नवी नको मना. येक पान जाता नये, येवडं बग."

"अवो, सरकारी दप्तरातलं पान आजपत्तुर हरवलं नाय मी. तुमचं कसं हरवीन?"

मित्रांनो, तो खरेच बोलला होता. माझे एकही पान हरवले नाही. कडेवरच्या ओळीबद्दल मात्र खातूनबी काही बोलली नाही. नवऱ्याने मागितलेली माफी कोणी दुकानात जाऊन सांगत नाही.

गंगारामने माझी जुनी शिवण उसवली, पाने एकेक करून पुसली, पुन्हा शिवली. त्याची बायको मथुरा हिने पिठाची खळ शिजवली आणि किडीला आळा म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घातला. इथपर्यंत हात हलका होता, मला गुदगुल्याच होत होत्या. पण वीस वर्षे त्याने कचेरीच्या वह्या बांधल्या होत्या, आणि कचेरीच्या वहीची कड कोरी असते. शिवून झाली, की लाकडी शिकंज्यात आवळायची आणि लांब सुरीने तीन बाजू सरळ कापायच्या, तेव्हाच वहीला वहीपण येते, असे तो म्हणे. माझ्या कडा शेकडो बोटांच्या मळाने काळ्या पडल्या होत्या. ज्या ओळी दिसल्या त्या त्याला नक्षी वाटल्या. मंगळवारी दुपारी त्याने मला शिकंज्यात घातले, फिरकी आवळली आणि सुरी ओढली. मला ओरडता आले असते तर दाभोळपर्यंत ऐकू गेले असते.

कापून पडलेल्या पट्ट्या टोपलीत गेल्या. त्या टोपलीत कचेरीच्या वह्यांची कातरणेही होती. गंगारामने मला पुठ्ठा चढवला, माझ्या गुळगुळीत कडेवरून हात फिरवला आणि खूश होऊन पान खाल्ले.

बुधवारी सकाळी मथुराने त्याच टोपलीतून दोन मुठी घेऊन न्हाणीची चूल पेटवली. तिसरी मूठ घालताना तिचा हात थबकला. कचेरीचा कागद पांढरा असतो. ही पट्टी चहाच्या रंगाची होती, आणि तिच्यावर काळी अक्षरे होती. मथुराला कोणतीच अक्षरे येत नव्हती, पण अक्षरे आहेत हे कळायला अक्षरे यावी लागत नाहीत. ती तशीच ओल्या हाताने दुकानात आली.

"अवो, ही नक्षी नाय. लिवलंय कायतरी."

गंगारामने पट्टी घेतली, मला उघडले, आणि एका पानाच्या कडेशी धरली. अर्धे अक्षर पानावर, अर्धे पट्टीवर. "मथुरा, चूल इजव," तो म्हणाला. चूल विझवली, पण तिच्यात आता राखच होती.

तो दिवस आणि ती सगळी रात्र दोघे चटईवर बसून पट्ट्या लावत होते. वाचता येत नसताना कोणती पट्टी कोणत्या पानाची हे कसे ओळखायचे? मथुरानेच युक्ती काढली. किड्यांनी पानात पाडलेली भोके पट्टीवरच्या भोकांशी जुळली, की ती पट्टी त्या पानाची. जन्मभर ज्या किड्यांना मी शिव्या घातल्या, त्यांचे त्या दिवशी उपकार झाले. पातळ खळीने, मागून झिरझिरीत कागद लावून, गंगारामने एकेक पट्टी जागेवर बसवली. अकरा पट्ट्या सापडल्या नाहीत, त्या जळाल्या. सोहारच्या पानाची पट्टी मधोमध तुटून अर्धीच उरली होती.

गुरुवारी सकाळी मुंबईचे एक प्रोफेसर दुकानात आले. अरबी-फारसीचे मोठे जाणकार, हवापालटासाठी मांडवीला उतरलेले. आपल्या एका पुस्तकाचा पुठ्ठा चिकटवून घ्यायला आले आणि मला पाहून दारातच उभे राहिले.

"अरे, हे पुस्तक तुम्ही उलटे बांधले आहे," ते म्हणाले. "अरबी पुस्तक उजवीकडून उघडते. शेवटचे पान पहिले करून ठेवलेत तुम्ही!"

गंगारामने कपाळाला हात लावला. प्रोफेसर बसले आणि मला वाचू लागले. इतक्या वर्षांनी माझा मूळ मजकूर कोणीतरी वाचत होते. खरे सांगते, मला भरून आले. तासाभराने त्यांनी चष्मा काढला. "केवढा ठेवा हा! याची जागा मुंबईत, काचेच्या कपाटात. इथे दमट हवेत दहा वर्षांत पीठ होईल याचे." ते काही खोटे बोलत नव्हते. मग गंगारामने त्यांना सगळे सांगितले आणि विचारले, "आता कसं करू, सायेब?"

"कडेची खरड आहे ती," प्रोफेसर म्हणाले. "मूळ ग्रंथाचे अक्षरही गेलेले नाही. म्हाताऱ्या बाईला कशाला दुखवता? जुने पुस्तक आहे, कसरीने खाल्ले म्हणून सांगा. ती काय, विश्वास ठेवील."

प्रोफेसर वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांना कोणाचे मन मोडायचे नव्हते. पण ते गेल्यावर गंगारामची जी तगमग सुरू झाली, ती मी पाहिली आहे. तो उठे, बसे, मला उघडे, मिटे. माझा पुठ्ठा सोडवून सुलटा लावला, तेवढा वेळ तो जरा निवला. मग पुन्हा सोहारचे पान काढले. पट्टी जिथे संपत होती तिथे सुरीने कापलेली सरळ कड दिसत होती. कसर कधी सरळ रेषेत खाते का? त्याने टोच्या उचलला, ज्याने पाने शिवायला भोके पाडतात तो, आणि सरळ कडेजवळ एक वेडेवाकडे भोक पाडले. मग दुसरे.

"ह्ये काय करताव?" मथुरा मागे उभी होती.

"काय नाय."

"कसरीचं काम कवापासून घेतलंव?"

गंगारामने टोच्या ठेवला. "मथुरा, कचेरीत कळलं तर येक वही यायची नाय माज्याकडं. म्हनतील, गंगाराम किताबं नासवतो."

"आनि चाची इचारल तेवा? ती राख मी भांड्यांना लावलेय. मी तिच्या डोळ्याला डोळा कसा देऊ?"

गंगारामने खळीचे भांडे पुढे ओढले. जिथे पट्टी नव्हती तिथे त्याने नवा, पांढरा हातकागद लावला. जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवायची युक्ती त्याला गिरगावात शिकवली होती. ती त्याने वापरली नाही. पांढरा तो पांढरा ठेवला. ती दोन भोके मात्र आजही माझ्यात आहेत.

शुक्रवारी दुपारी खातूनबी आली. प्रोफेसर तिच्या आधीच येऊन बसले होते. मला मुंबईला देण्याबद्दल त्यांना तिच्याशी बोलायचे होते. गंगारामने तोंड उघडायच्या आत तिने मला मांडीवर घेतले आणि सवयीने सोहारचे पान काढले. तिचे बोट ओळीवरून खाली उतरू लागले. 'खातून, काल तुझ्यावर ओरडलो.' पुढे बोट पांढऱ्या कागदावर आले. ते बोट तिथेच थांबले. मला वाटले, आता आपण मिटून जावे, कायमचे.

"पुडचं कुठंय?" तिने विचारले.

गंगारामने सांगितले. सुरी सांगितली, टोपली सांगितली, टोच्याने पाडलेली दोन भोकेही दाखवली. मान वर न करता सांगितले. खातूनबीचा चेहरा ताठरला.

"येक पान जाता नये म्हनून सांगितलंवतं तुना."

"पान नाय गेलं चाची. मना वाटलं, पान म्हंजे..."

"आनि जळालेल्याची राख?" तिने विचारले. "आल्लाचं नाव असतं त्यात. कुठं टाकलीव?"

मथुरा दाराआडून पुढे आली. तिने पदर तोंडाला लावला होता. "चाची, मना ठावं नव्हतं. त्या राखेनं मी टोप घासलंय."

प्रोफेसर छताकडे बघू लागले. खातूनबीने मथुराकडे पाहिले, आणि मित्रांनो, तिच्या तोंडून एकदम हसूच फुटले.

"करपला टोप बगून माज्यावर वरडलान," ती म्हणाली, "आनि त्येचं लिवनं गेलं ते टोप घासायला!" ती हसत राहिली, आणि हसता हसता रडू लागली, ओढणी डोळ्यांना लावून, हुंदके देऊन. मथुरा जाऊन तिच्याजवळ बसली. तेव्हा कुठे त्या दुकानात पहिल्यांदा सांगितले गेले की ती ओळ काय होती, कोणी लिहिली होती आणि लिहिणारा कुठे गेला.

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. "बाई, तुम्हाला ते शब्द पाठ आहेत ना? मला सांगा. मी हुबेहूब तसेच अक्षर काढीन. काजळाची शाई करू. जुन्या कागदाचा तुकडा माझ्या संग्रहात आहे. जाणकाराला सुद्धा कळणार नाही."

खातूनबीला मोह झाला होता, हे मी तिच्या बोटांवरून ओळखले. ती पांढऱ्या कागदावर पुन्हा पुन्हा फिरत होती. मलाही झाला होता. कोणाला अंगावर ठिगळ हवे असते? पुन्हा अखंड दिसायचे, काही झालेच नाही असे दिसायचे, ही इच्छा माझ्यासारख्या म्हातारीलाही सुटत नाही.

"शब्द पाठ हायत मना," ती शेवटी म्हणाली. "अक्षर त्येचं होतं. तुमी लिवलाव तर ती माफी तुमची व्हईल. तुमी कुठं माज्यावर वरडलाव?"

मग ती गंगारामकडे वळली. "तू लिव."

"मी? मना अरबी येत नाय चाची."

"मोडी येतेय ना? दाऊद तरी कुठं अरबीत लिवलान? आपल्याच बोलीत लिवलान. तू काय केलंस ते लिव."

"पाचशे वर्षांच्या ग्रंथात आज एक बाइंडर लिहिणार?" प्रोफेसर कळवळून म्हणाले. "हा तर दुसरा घाव झाला!"

त्यांचेही म्हणणे मला पटत होते. मीच घाबरले होते. गंगारामने दौत काढली, टाक काढला आणि थोडा विचार केला. "जुन्या कागदाला हात नाय लावत मी," तो म्हणाला. "ह्यो पांडरा तुकडा माजा हाय. येवड्यावर लिवतो." प्रोफेसरांनी मान हलवली, ती होय म्हणून की नाही म्हणून, ते मला आजतागायत कळलेले नाही.

आणि त्या पांढऱ्या पट्टीवर, जिथे दाऊदची ओळ तुटली होती तिथून पुढे, गंगारामने मोडीत लिहिले: 'ही कड मी, गंगाराम बाइंडर, रत्नागिरी, याने न बघता कापली. अकरा पट्ट्या जळाल्या. दोन भोके टोच्याची आहेत, किडीची नाहीत. चूक माझी.'

"काय लिवलंस, वाच," खातूनबी म्हणाली.

त्याने वाचले. शेवटचे दोन शब्द कुठले, ते तिला बोटाने दाखवले. खातूनबीने शाई वाळेपर्यंत पान उघडे धरून ठेवले. मग मला ओढणीत गुंडाळले. कोणत्याच पानाला न जुळलेले चार-पाच कपटे तिने वेगळ्या फडक्यात बांधून घेतले. मांडवीच्या धक्क्यावरून ते दर्यात सोडायचे होते. मला मुंबईला द्यायला ती तयार झाली नाही. प्रोफेसर मग रजा संपेपर्यंत रोज आमच्या पडवीत येऊन बसले आणि कडेवरचा, ज्याला ते खरड म्हणाले होते तो, मजकूर वहीत उतरवून घेऊ लागले. निम्माच झाला. मग त्यांची मुंबईची बोट निघाली.

त्याला आता सात वर्षे झाली. गंगारामच्या दुकानी अजून कचेरीच्या वह्या येतात. मात्र कोरी वही असली तरी शिकंज्यात घालण्याआधी तो प्रत्येक पान उलटून बघतो, आणि लोक म्हणतात गंगाराम हल्ली कामाला उशीर लावतो. खातूनबी फार थकली आहे. गेल्या वर्षी मला उन्हात घालायला तिने शेजारच्या दमयंतीला बोलावले. प्रोफेसरांचे पत्र येते, की काचेचे कपाट अजून रिकामे आहे. इथे कसर आहे, दमट हवा आहे, पण माझी भाषा बोलणारी माणसे आहेत. तिथे कोरडे कपाट आहे, पण सोहारच्या पानावर बोट कोण ठेवील? मी कुठे जावे, ते मला ठरवता येत नाही. हेच मनात घोळवत मी पेटीत पडून असते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाती मी जाईन. मी नाही तर माझ्यासारखे दुसरे कोणी जाईल. मला अवश्य शिवा, किडीपासून राखा, ऊन दाखवा. माझी पाठ नेहमीच कुठे ना कुठे मोडलेली असते. तुमच्या हातून माझे काही गेले, तर मात्र ते गेले म्हणून माझ्यावरच लिहून ठेवा आणि खाली आपले नाव घाला. खातूनबीने मला या वर्षीही मांडीवर घेतले होते. दाऊदची अर्धी ओळ तिने वाचली, आणि पुढची मोडी तिला वाचता येत नसली, तरी शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवून ती बराच वेळ बसून राहिली.